नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना मोडेम जोडला जात नसेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार संपला आणि त्यानंतर नागपुरातील ओळखीच्या घरांतून माझ्याकडे येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांची संख्या बरीच वाढली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकांत ते नाही, पण जे अजून काही वर्षे सहज चालतील, ते भंगारात काढण्याऐवजी त्यांवर डेबियन किंवा उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली टाकावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. हे काम कठीण नाही. पण ते अडते तेव्हा बहुधा एकाच टप्प्यावर अडते. इन्स्टॉलर नेटवर्क शोधू लागतो, पट्टी सरकत राहते आणि शेवटी नेटवर्कची जुळणी आपोआप होऊ शकली नाही, अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येतो. घरातले लोक लगेच म्हणतात की मोडेम बिघडला.

मोडेम बिघडलेला असतोही, पण क्वचित. तो मजकूर फायबर तुटल्यावर येतो, केबलची क्लिप सैल असल्यावर येतो, वायफाय कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारी त्याची आतली आज्ञावली, नसल्यावर येतो आणि केबलवाल्याने जोडणी जुन्या संगणकाशी बांधून ठेवलेली असली तरीही येतो. इन्स्टॉलरला यांतला फरक कळत नाही, कारण त्याला एवढेच ठाऊक असते की त्याने पत्ता मागितला आणि उत्तर आले नाही. म्हणून तपासण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. भिंतीतून आलेल्या तारेपासून सुरुवात करून एकेक दुवा पाहत पडद्यापर्यंत यावे, आणि मागचा दुवा ठीक असल्याची खात्री दुसऱ्या एखाद्या उपकरणाने पटल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. मी जेव्हा जेव्हा उलट दिशेने, म्हणजे पडद्यापासून भिंतीकडे, शोध घेतला तेव्हा माझी अख्खी दुपार गेली आहे.

पुढे मी प्रामुख्याने डेबियनचा इन्स्टॉलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, कारण नेटवर्कविषयीचे प्रश्न तो सर्वांत स्पष्टपणे विचारतो. उबुंटू किंवा मिंट टाकणाऱ्यांनाही बहुतेक तपासण्या तशाच लागू पडतील. आदेश आणि पत्ते येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावेत.

डिस्क पुसण्याआधी

सगळ्यात मोठी चूक या टप्प्यावर होते. जुनी विंडोज पुसून टाकली जाते आणि मग लक्षात येते की वायफाय ओळखले जात नाही, ड्रायव्हर उतरवायला दुसरा संगणक नाही आणि आता हातातला संगणकही कामाचा उरलेला नाही. हे टाळण्यासाठी पेनड्राइव्हवर लाइव्ह स्वरूपाची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण प्रणाली एकाच फाइलीत बांधलेली प्रत, घ्यावी. उबुंटू, मिंट आणि डेबियन या तिन्हींच्या लाइव्ह प्रतिमा उपलब्ध आहेत. त्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच पूर्ण प्रणाली चालू करून दाखवतात. त्या सत्रात वायफाय जोडून पाहावे, केबल लावून पाहावी, एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. दोन्ही मार्ग चालले तर इन्स्टॉलेशनच्या वेळी नेटवर्कने दगा देण्याची शक्यता फार कमी राहते. दोन्हींपैकी एकच चालला तर कोणता, हे कागदावर लिहून ठेवावे.

जुनी विंडोज अजून जागेवर असतानाच आणखी चार गोष्टी टिपून घ्याव्यात: वायफाय कार्डाचे आणि वायर्ड कार्डाचे नाव, जे डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसते, संगणकाला मिळालेला आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा आकडी पत्ता) आणि गेटवेचा, म्हणजे बाहेरचा रस्ता देणाऱ्या मोडेमचा, पत्ता, वायर्ड कार्डाचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख), आणि विंडोजमध्ये ब्रॉडबँडचे वापरकर्ता नाव व पासवर्ड टाकून जोडणी करावी लागत होती की केबल लावली की नेट आपोआप चालू होत होते, ही माहिती. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुढे किती उपयोगी पडते, ते पीपीपीओईच्या, म्हणजे नाव व पासवर्ड टाकून होणाऱ्या जोडणीच्या, भागात दिसेल.

प्रतिमेची निवडही येथेच करावी लागते. डेबियनची नेटइन्स्ट प्रतिमा लहान असते, तिच्यात केवळ मूळ प्रणाली असते आणि डेस्कटॉपसह बाकी सर्व काही ती इंटरनेटवरून ओढून घेते. डेबियनच्या डीव्हीडी प्रतिमेत मात्र डेस्कटॉप असतो, आणि उबुंटूची डेस्कटॉप प्रतिमाही नेटशिवाय पूर्ण प्रणाली टाकू शकते. ज्यांच्या घरच्या जोडणीवर भरवसा नाही, त्यांनी नेटइन्स्टच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठी प्रतिमा एखाद्या मित्राकडे किंवा महाविद्यालयात एकदा उतरवून घ्यावी, तिची शा-२५६ बेरीज (फाइल नीट उतरली का, हे दाखवणारा सांकेतिक आकडा) संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहावी आणि इन्स्टॉलेशन नेटवर अवलंबून ठेवूच नये.

पेनड्राइव्हवरील प्रत जुनी तर नाही ना, हेही पाहावे. डेबियन प्रकल्पाने २०२२ मध्ये मतदान घेऊन असा निर्णय केला की वायफायसारख्या उपकरणांना लागणारे, मुक्त नसलेले फर्मवेअरही अधिकृत प्रतिमेत ठेवायचे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते प्रत्यक्षात आले. त्याआधीच्या अधिकृत प्रतिमेत हे फर्मवेअर नसे. सीताबर्डीच्या दुकानातून कोणीतरी पाच वर्षांपूर्वी भरून आणलेला पेनड्राइव्ह ड्रॉवरमधून काढून वापरला, तर इंटेलचे अगदी सामान्य वायफाय कार्डसुद्धा चालणार नाही, आणि त्याचा दोष मोडेमवर येईल.

भिंतीपासून मोडेमपर्यंत

आज घरोघरी ज्याला मोडेम म्हणतात तो बहुधा फायबरचा ओएनटी, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचे संगणकाला कळणाऱ्या संकेतात रूपांतर करणारा डबा, असतो आणि त्यातच राउटर व वायफाय एकत्र केलेले असते. मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांपासून बनला आणि तो टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी होता. पण लोकांनी नाव कायम ठेवले आणि ते सोयीचे असल्यामुळे मीही तेच वापरतो.

फायबरच्या मोडेमवर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर घरापर्यंत प्रकाश पोहोचला आहे आणि पलीकडच्या यंत्रणेने हा मोडेम ओळखला आहे. पॉन सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, पण नोंदणी पूर्ण होत नाही. हे काम सेवा देणाऱ्याचे आहे, आपले नाही. एलओएसचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर प्रकाशच येत नाही किंवा फार क्षीण येतो. अशा वेळी संगणकाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. फायबरची पातळ केबल कपाटामागे दाबली गेली आहे का, काटकोनात वळली आहे का, एवढे पाहावे. जोडणीचे टोक निळे असेल तर खाचही निळ्याची, हिरवे असेल तर हिरव्याची हवी. हिरव्याच्या टोकावरची काच थोडी तिरकी घासलेली असते, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल केल्यास जोड बसल्यासारखा दिसतो, पण बराच प्रकाश वाया जातो. केबलच्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

मोडेमच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या त्याच्या पानावर, आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दाखवलेली असते. प्रचलित जीपॉन मोडेमांत उणे ८ ते उणे २७ या दरम्यानचा आकडा चालतो. उणे २६ च्या आसपास आकडा असेल तर जोडणी चालते खरी, पण काठावर चालते, आणि दोन तासांच्या डाउनलोडमध्ये ती मध्येच तुटू शकते. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे म्हणण्याऐवजी हा आकडा सांगावा. येणारा माणूस मग योग्य सामान घेऊन येतो.

ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या तारेवरचा एडीएसएल आहे, त्यांनी डीएसएलचा दिवा स्थिर आहे का ते पाहावे आणि टेलिफोनच्या प्रत्येक उपकरणाला फिल्टर लावला आहे याची खात्री करावी. मृगाच्या पहिल्या वादळात अशा तारांवरून विजेचा झटका आत येतो. फायबर वीज वाहून नेत नाही; पण आपल्याकडे कित्येक वस्त्यांत केबलवाला खांबावरच्या पेटीपासून घरापर्यंत गच्चीवरून साधी लॅन केबल ओढतो, आणि तीही तांब्याचीच असते. वादळानंतर वायफाय चालू आहे पण मोडेमचा एक लॅन पोर्ट मेला आहे, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशी लॅन केबल १०० मीटरपेक्षा लांब असू नये, ही मर्यादाही बऱ्याच ठिकाणी ओलांडलेली असते.

विजेविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण नागपुरात हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. एका मे महिन्यात नंदनवनमध्ये मावशीच्या घरी मी नेटइन्स्टने डेबियन टाकत होतो. नेटवर्क जोडले गेले, पत्ता मिळाला, मूळ प्रणाली बसली आणि डेस्कटॉपच्या फायली उतरू लागल्यावर काम थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या टक्केवारीवर थांबले. मी पेनड्राइव्ह बदलला, सर्व्हर बदलला, केबल बदलली. तिसऱ्या खेपेला मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, कूलर लावला का तो वायफायचा डबा बंद पडते, रोजचंच आहे ते." कूलर आणि मोडेम एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते. बोर्डाचा एक सांधा सैल होता, पंप टायमरवर होता, आणि पंप सुरू होताना दाब क्षणभर इतका खाली येई की मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होई. फायबरची नोंदणी परत व्हायला त्याला दोनेक मिनिटे लागत, आणि तोवर इन्स्टॉलरने हात टेकलेले असत. मोडेमचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवरील भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला आणि उरलेले काम एका बैठकीत झाले. त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी गेलो की आधी घरातल्यांना विचारतो की नेट कधी कधी जाते आणि तेव्हा घरात काय सुरू असते.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. अडॅप्टर बदलताना व्होल्ट मोडेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आणि अँपिअर तितके किंवा त्याहून अधिक असावेत. जुना झालेला अडॅप्टर दिवे पेटवतो, पण वायफायवर भार आला की कोसळतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत टिनाच्या छपराखालच्या खोलीत, कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला मोडेमही असाच वागतो. त्याला खाली, हवेशीर जागी आणि कूलरच्या तुषारांपासून दूर ठेवावे.

हा सर्व भाग ठीक असल्याचा पुरावा सोपा आहे. फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, फोन त्या मोडेमच्या वायफायला जोडावा आणि पूर्वी कधीही न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडावे. ते उघडले तर मोडेम आणि त्यामागची जोडणी दोन्ही निर्दोष आहेत, आणि आता मोडेमचे बटण पुन्हा पुन्हा दाबण्याचे कारण नाही. रीसेटच्या बारीक भोकात तर टाचणी मुळीच घालू नये. त्याने सेवा देणाऱ्याने भरलेली माहिती पुसली जाते आणि किरकोळ अडचण मोठी होऊन बसते.

मोडेमपासून संगणकापर्यंत

इन्स्टॉलेशनपुरती तरी केबल वापरावी. लॅपटॉप उचलून मोडेमजवळ नेणे हे वायफायचे फर्मवेअर शोधत बसण्यापेक्षा केव्हाही सोपे आहे. केबल लावल्यावर मोडेमवरील त्या पोर्टचा आणि संगणकाच्या खाचेजवळचा असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. दिवे लागले नाहीत तर दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट वापरून पाहावा. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या १, २, ३ आणि ६ या चारच लागतात, तर गिगाबिटला आठही लागतात. म्हणून एखादी तार तुटलेली केबल जुन्या संगणकावर चालते आणि नव्यावर अडखळते, आणि ‘ही केबल काल तर चालत होती’ हे वाक्य खरे असूनही दिशाभूल करते.

दिवे लागले तरी काम होत नसेल तर इन्स्टॉलरच्या आत पाहावे लागते. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल, डावा ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबले की आदेश देण्यासाठी काळा पडदा मिळतो. एफ४ ला इन्स्टॉलर आपली नोंदवही दाखवत असतो, आणि डावा ऑल्ट व एफ५ दाबून मूळ पडद्यावर परत येता येते. काळ्या पडद्यावर ‘आयपी ए’ हा आदेश द्यावा. ‘ईएन’ने सुरू होणारे नाव दिसले तर वायर्ड कार्ड ओळखले गेले आहे, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारे दिसले तर वायफाय कार्ड ओळखले गेले आहे. नाव आहे पण त्यासमोर ‘नो-कॅरियर’ असे आले तर केबलमधून संकेत येत नाही. नावच नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा प्रश्न आहे, आणि एफ४ च्या नोंदीत कोणती फर्मवेअर फाइल सापडली नाही तिचे नाव बहुधा लिहिलेले असते.

वायफायनेच काम करायचे असेल तर काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. जुनी कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचे जाळे पाहू शकतात, म्हणून मोडेमवर फक्त ५ गिगाहर्ट्‌झ चालू असेल तर घरचे नाव यादीत येणारच नाही. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा-पद्धत त्यांना कळत नाही. मोडेमच्या पानावर जाऊन ती डब्ल्यूपीए२ करावी. ब्रॉडकॉमची काही कार्डे आजही वेगळा ड्रायव्हर मागतात. आणि एक अडचण खास आपल्या वाचकांची आहे: इन्स्टॉलरची भाषा मराठी निवडता येते, ही आनंदाची गोष्ट आहे, पण पुढच्याच टप्प्यावर कळफलकही मराठी निवडला गेला तर वायफायचा रोमन पासवर्ड चुकीचा टंकला जाऊ शकतो. ब्रिटिश कळफलक निवडला तरी ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा आपसांत बदलतात. भाषा हवी ती ठेवावी, पण कळफलक अमेरिकन इंग्रजीच ठेवावा आणि पासवर्ड उघड दाखवण्याचा पर्याय निवडून अक्षर अन् अक्षर वाचून घ्यावे. मराठी कळफलक प्रणाली बसल्यावर दोन मिनिटांत जोडता येतो.

वसतिगृहात किंवा महाविद्यालयाच्या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिथल्या वायफायचा नाद इन्स्टॉलेशनपुरता सोडावा. तेथे जोडणी झाल्यावर ब्राउझरमध्ये नाव व पासवर्ड विचारणारे पान उघडते, आणि इन्स्टॉलरजवळ ब्राउझर नसतो.

पत्ता मिळत नाही तेव्हा

केबल ठीक, कार्ड ओळखले गेले, तरीही ‘आयपी ए’च्या उत्तरात त्या कार्डाखाली ‘इनेट’ने (‘इनेट६’ने नव्हे) सुरू होणारी ओळ दिसत नाही, तर मोडेमकडून पत्ता मिळालेला नाही. विंडोजमध्ये याच स्थितीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो संगणकाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो आणि त्याचा बाहेर काही उपयोग नसतो. प्रथम ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा पर्याय दोनदा वापरावा, कारण नुकताच सुरू झालेला मोडेम उत्तर द्यायला वेळ लावतो. मग दुसरा पोर्ट वापरून पाहावा. काही मोडेमांत एखादा पोर्ट टीव्हीसाठी राखून ठेवलेला असतो.

त्यानंतर पत्ता हाताने भरावा. फोनमध्ये त्या वायफायच्या तपशिलात गेटवेचा पत्ता दिसतो. समजा तो १९२.१६८.१.१ आहे, तर संगणकाला १९२.१६८.१.२०० असा इतर कोणी न वापरलेला पत्ता द्यावा, नेटमास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा, गेटवे तोच ठेवावा आणि नेमसर्व्हर (संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरावा. एवढ्याने काम झाले तर दोष मोडेमच्या पत्ते वाटणाऱ्या भागात होता.

मोडेमऐवजी केबलवाल्याची तार थेट संगणकात येत असेल तर दोन शक्यता तपासाव्यात. पहिली म्हणजे मॅक पत्त्याची बांधणी. अनेक स्थानिक केबलवाले जोडणी देताना पहिल्या संगणकाचा मॅक पत्ता नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या यंत्राला नेट देत नाहीत. आपण संगणक बदलला, नवे कार्ड टाकले किंवा यूएसबीचे लॅन कार्ड वापरले, तर पलीकडून उत्तर येत नाही. त्यांना फोन करून जुनी नोंद काढायला सांगावी. हे काम पाच मिनिटांचे असते. घरी राउटर असेल तर त्यात जुना मॅक पत्ता भरण्याची सोय असते, आणि विंडोज पुसण्याआधी टिपलेला पत्ता येथे कामी येतो.

दुसरी शक्यता पीपीपीओईची. विंडोजमध्ये वापरकर्ता नाव आणि पासवर्ड टाकून जोडणी करावी लागत असेल, तर मोडेम ब्रिज अवस्थेत आहे आणि जोडणी उभारण्याचे काम संगणकावर सोपवलेले आहे. डेबियनचा इन्स्टॉलर आपणहून हे विचारत नाही. सुरुवातीच्या मेनूत बूटच्या ओळीला ‘मॉड्यूल्स’, बरोबरचे चिन्ह आणि ‘पीपीपी-यूडेब’ हे जोडले तर तो ते विचारू शकतो. परंतु मी हा मार्ग नाइलाज असेल तरच वापरतो. मोडेमच्या किंवा राउटरच्या पानावर जाऊन तेच नाव व पासवर्ड तेथे भरावेत आणि जोडणी त्यालाच करू द्यावी. मग इन्स्टॉलरपुरते ते साधे केबलचे जाळे होते, आणि घरातले फोनही त्याच जोडणीवर चालतात.

पत्ता मिळाला, तरी फायली उतरत नाहीत

येथे पोहोचलेला माणूस थकलेला असतो आणि मोडेमला पुन्हा दोष देऊ लागतो. काळ्या पडद्यावर ‘पिंग १.१.१.१’ हा आदेश द्यावा आणि काही ओळी आल्यावर कंट्रोल-सी दाबून थांबवावे. उत्तर आले तर बाहेरचा रस्ता मोकळा आहे. मग त्याच आदेशात आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. आकड्यांना उत्तर येते पण नावाला येत नाही, तर नेमसर्व्हर बिघडला आहे. मागे जाऊन तो वर सांगितल्याप्रमाणे हाताने भरावा.

दोन्हींना उत्तर येत असूनही इन्स्टॉलर सर्व्हर नाकारत असेल तर ‘डेट’ हा आदेश देऊन संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकांत मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. फायलींवरची सही तपासताना प्रणाली तारीख पाहते; आजची सही तिला भविष्यातली वाटते आणि ती नाकारते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही याच कारणाने फेटाळली जातात. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन तारीख नीट करावी आणि ३ व्होल्टची ही स्वस्त बॅटरी बदलून घ्यावी. पत्ता आहे, पिंग आहे आणि तरीही सर्व काही नाकारले जाते, अशा संगणकांवर मी आता सर्वांत आधी घड्याळच पाहतो.

आणखी एक लक्षण वेगळे ओळखता येते. लहान गोष्टी चालतात, मोठी फाइल मात्र सुरू होऊन थिजते. नेटवरची माहिती लहान पुडक्यांत (पॅकेटांत) जाते. पीपीपीओईच्या जोडणीत प्रत्येक पुडक्यातले ८ बाइट त्याच्या स्वतःच्या कामाला लागतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटांचे पुडकेच बाहेर जाऊ शकते. राउटरने हे सांभाळले नाही तर मोठी पुडकी वाटेत हरवतात. काळ्या पडद्यावर ‘आयपी लिंक सेट’, त्यापुढे कार्डाचे नाव आणि त्यापुढे ‘एमटीयू १४९२’ असा आदेश द्यावा. तरी अडत असेल तर १४०० करून पाहावे. फरक पडला तर तोच आकडा नंतर राउटरमध्ये कायमचा भरावा.

फोन आणि डोंगल

घरची जोडणी चालूच होत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लावावा. क्रम असा ठेवावा: आधी केबल, मग फोनचे कुलूप उघडणे, मग यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करणे आणि त्यानंतर इन्स्टॉलरमध्ये नेटवर्क शोधण्याच्या टप्प्यावर परत जाणे. संगणकाला फोन साध्या लॅन कार्डासारखा दिसतो आणि वायफायच्या फर्मवेअरचा प्रश्नच येत नाही. केवळ चार्जिंगपुरती असलेली स्वस्त केबल येथे चालत नाही; तिच्यात डेटाच्या तारा नसतात. डेस्कटॉपसह नेटइन्स्टला एक जीबीहून अधिक डेटा सहज लागतो, त्यामुळे दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा असलेल्या पॅकवर हे काम सकाळी, मर्यादा ताजी असताना करावे.

सिमकार्डावर नेट देणारा यूएसबी डोंगल मात्र इन्स्टॉलेशनच्या वेळी वापरू नये. जुने डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवतात, कारण त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. त्यांना मोडेमच्या अवस्थेत आणणारे साधन लिनक्समध्ये आहे, पण इन्स्टॉलरमध्ये ते मिळेल याचा भरवसा नसतो. डायल-अपच्या काळात विनमोडेम नावाच्या कार्डांनी लिनक्सवाल्यांना असेच छळले होते: त्यांचे निम्मे काम विंडोजचा ड्रायव्हर करत असे आणि तो नसला की कार्ड निरुपयोगी ठरे. डोंगल बाजूला ठेवून आधी नेटशिवाय प्रणाली बसवावी आणि मग डोंगलकडे वळावे.

नेटशिवाय प्रणाली बसवायची असेल तर डेबियनमध्ये ‘सध्या नेटवर्क जोडू नका’ हा पर्याय निवडून पुढे जाता येते. प्रणाली सुरू झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. एक, फायली कोठून घ्यायच्या त्या यादीत केवळ डिस्कची ओळ असते. तिच्यापुढे हॅशचे चिन्ह लावून ती निष्क्रिय करावी आणि इंटरनेटवरील सर्व्हरची ओळ जोडावी, अन्यथा प्रत्येक वेळी डिस्क मागितली जाईल. दोन, इन्स्टॉलेशनच्या वेळी केबल वापरली असेल आणि डेस्कटॉपवर तीच जोडणी ‘अनमॅनेज्ड’ म्हणून दिसत असेल, तर ‘ईटीसी’मधील ‘नेटवर्क’ फोल्डरात ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल उघडावी, त्या कार्डाच्या ओळींपुढे हॅश लावावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर वरच्या पट्टीतील नेटवर्कच्या चिन्हावरून केबल आणि वायफाय दोन्ही नेहमीसारखे निवडता येतात.